करवतीने खाल्लेले लाकूड

७५ मिलिमीटर जाडीची एक फळी आहे. तिच्यातून ४ मिलिमीटर जाडीच्या किती पातळ फळ्या निघतील? हे गणित वर्गात घातले की मुले चटकन ७५ ला ४ ने भागतात, अठरा असे उत्तर देतात आणि उरलेले तीन मिलिमीटर बाकी म्हणून सोडून देतात. हाच प्रश्न आम्ही एका सुतारमिस्त्रींना विचारला, तेव्हा उत्तराऐवजी त्यांच्याकडून प्रश्नच आला, "करवत कोणती?"

करवत लाकडाचे दोन भाग करते असे आपण म्हणतो. पण दोन भाग करते ती कुऱ्हाड. करवत मधले लाकूड खाते आणि त्याचा भुसा करून टाकते. करवतीच्या वाटेची रुंदी ३ मिलिमीटर असेल, तर प्रत्येक फळीमागे ७ मिलिमीटर लाकूड खर्च होते आणि आपल्या ७५ मिलिमीटरमधून अकराच फळ्या निघतात. दहा काप, प्रत्येकी ३ मिलिमीटर, म्हणजे ३० मिलिमीटर लाकूड भुशात गेले. करवतीची वाट १ मिलिमीटरची असेल तर पंधरा फळ्या निघतात आणि भुशात जाते ते १४ मिलिमीटर. लाकूड आंब्याचे असेल तर या फरकाचे कोणाला फारसे वाटणार नाही. ते शंभर वर्षे वाढलेल्या शिसवीचे असेल तर मात्र चार जादा फळ्या ही मोठी गोष्ट आहे.

असे पातळ काप काढण्याची गरज ज्यांना पडते, त्यांत गिटार बनवणारे कारागीर येतात. गिटारची वरची फळी, म्हणजे आपल्या सतारीला जी तबली असते तिच्या जागी असलेली फळी, स्प्रूससारख्या हलक्या लाकडाची असते. पाठ आणि बाजूच्या पट्ट्या मात्र कठीण लाकडाच्या करण्याची परंपरा आहे : शिसव, महोगनी, मेपल, अक्रोड. पाठीची जाडी साधारण अडीच मिलिमीटर, बाजूच्या पट्ट्यांची त्याहूनही थोडी कमी. पाठ दोन फळ्या जोडून करतात. एकाच फळीतून लागोपाठ कापलेल्या दोन पातळ फळ्या पुस्तक उघडावे तशा उलगडून कडेला कड जोडल्या की लाकडातल्या रेषांची नक्षी मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी दिसते. हे करायचे तर जाड फळी तिच्या रुंदीच्या बाजूने उभी चिरावी लागते. आजही जगभर हजारो हौशी माणसे घराच्या मागच्या खोलीत किंवा गाडीच्या शेडमध्ये हा खटाटोप करत असतात. त्यांची अडचण काही नवी नाही. ती निदान दोन हजार वर्षे जुनी आहे.

अडचण काय आहे ते समजण्यासाठी एक प्रयोग करून पाहावा. जुनी पोस्टकार्डे घ्या. एक पोस्टकार्ड टेबलाच्या कडेवरून अर्धे बाहेर काढा आणि टोकावर एक नाणे ठेवून ते किती वाकते ते मोजा. आता दोन कार्डे नुसती एकावर एक ठेवून तेच करा. वाकणे साधारण निम्मे होईल. मग दोन कार्डे पूर्ण पृष्ठभागावर डिंक लावून चिकटवा, नीट वाळू द्या आणि पुन्हा मोजा. आता वाकणे जवळजवळ आठव्या हिश्शावर येते. जाडी दुप्पट झाली की ताठपणा दोनाच्या घनाइतका, म्हणजे आठपट होतो. (वर्गात मोजमाप तंतोतंत आठ येत नाही. डिंक आणि दमटपणा त्यात आपला वाटा उचलतात. पण ते चारच्या बरेच पुढे जाते, आणि मुलांना आश्चर्य वाटायला तेवढे पुरते.)

वाद्य बनवणाऱ्याला पातळ फळी का लागते, ते या घनाच्या नियमातून कळते. २ मिलिमीटरची फळी आणि अडीच मिलिमीटरची फळी यांत बोटाला फरक जाणवणार नाही, पण अडीचची फळी जवळजवळ दुप्पट ताठ असते. तारेच्या इवल्याशा ताकदीने फळी हलायची असेल, तर ती पातळच हवी. आता गंमत अशी, की हाच नियम करवतीलाही लागू होतो. कमी लाकूड खाणारी करवत हवी तर तिचे पाते पातळ हवे, आणि पाते निम्म्या जाडीचे केले तर त्याचा ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. असे लुळे पाते लाकडात ढकलले की ते वाकते, काप सरळ जात नाही आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. धरले तर चावते, सोडले तर पळते! करवतीचा सारा इतिहास या पेचातून काढलेल्या वाटांचा आहे.

सर्वांत जुनी वाट म्हणजे करवत ढकलायची नाही, ओढायची. पातळ पट्टी ढकलली तर दुमडते, ओढली तर ताणली जाऊन सरळ राहते. प्राचीन इजिप्तमधल्या तांब्याच्या आणि काशाच्या करवती ओढून कापणाऱ्या होत्या. जपानी करवती आजही तशाच असतात, आणि म्हणूनच त्या इतक्या पातळ असू शकतात. दुसरी वाट निघाली ती लाकडी चौकटीची. पाते चौकटीत बसवून दोन्ही टोकांकडून घट्ट ताणायचे. मग ते ढकलले काय, ओढले काय, लवत नाही. ही युक्ती रोमन लोकांना चांगली ठाऊक होती. पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासात मौल्यवान लाकडाचे पातळ पत्रे कापून ते हलक्या लाकडावर चिकटवण्याच्या चालीबद्दल लिहिले आहे, आणि एकच झाड पुनःपुन्हा विकता यावे म्हणून ही युक्ती निघाली असा टोमणाही मारला आहे. म्हातारा जरा खवचटच होता, पण अर्थशास्त्र त्याने बरोबर ओळखले होते.

युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत, श्रीमंतांच्या घरी अशा पातळ पत्र्यांनी मढवलेल्या फर्निचरची चलती झाली तेव्हा हे काम फारच नाजूक होऊन बसले. फ्रेंच सुतार आंद्रे-जाकोब रूबो याने १७६९ पासून पुढे सुतारकामावर अनेक खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तो स्वतः हातात रंधा धरणारा माणूस, त्यामुळे त्याच्या चित्रांत कामाच्या खाणाखुणा खऱ्या उतरल्या आहेत. एका चित्रात लाकडाचा ठोकळा शिकंज्यात उभा घट्ट आवळलेला आहे आणि समोरासमोर उभे असलेले दोघे कारागीर मधोमध पाते ताणलेली मोठी चौकट आडवी धरून पुढे-मागे चालवत आहेत. एक चुकला तर दुसरा सावरतो. इथे जोर कमी लागतो, डोळा आणि ताल जास्त.

मोठे ओंडके चिरण्याचे काम मात्र जोराचेच होते. इंग्लंडमध्ये त्यासाठी खड्डा खणत. ओंडका खड्ड्यावर आडवा, एक माणूस ओंडक्यावर उभा राहून करवत वर ओढणारा, दुसरा खड्ड्यात उभा राहून खाली ओढणारा. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. आपल्याकडेही ओंडका घोड्यांवर चढवून वर एक आणि खाली एक अशी माणसे करवत ओढत. हॉलंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हे काम पवनचक्कीवर चालू लागले, तरी इंग्लंडमध्ये पुढची पावणेदोनशे वर्षे ते मुख्यतः हातानेच होत राहिले. १७६८ च्या मे महिन्यात लंडनजवळच्या लाइमहाउस येथे चार्ल्स डिंगली या व्यापाऱ्याने उभारलेल्या पवनचक्कीच्या करवत-गिरणीवर करवत्यांचा जमाव चालून गेला आणि त्यांनी ती मोडून टाकली. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने गिरण्या मोडणाऱ्यांना जबर शिक्षा देणारा कायदा केला. त्या करवत्यांना आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. पण ज्याच्या घरची चूल त्या खड्ड्यातल्या करवतीवर पेटत होती, त्याला पवनचक्कीचे पाते कसे दिसले असेल याचाही विचार करायला हवा. खड्ड्यात उभे राहण्याची हौस कोणालाच नव्हती. चिंता होती ती खड्ड्यातून बाहेर पडून जायचे कुठे, याची.

पातळ कापांच्या बाबतीत यंत्राने खरी बाजी मारली ती मार्क ब्रुनेल याच्या हातून. हा मूळचा फ्रेंच, राज्यक्रांतीच्या धामधुमीत देश सोडून आधी अमेरिकेत व मग इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला. टेम्स नदीखालचा बोगदा खणणारा तो हाच. लंडनजवळच्या बॅटरसी येथे त्याने वाफेवर चालणाऱ्या चक्राकार करवतींची गिरणी काढली. १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात सर रिचर्ड फिलिप्स याने या गिरणीचे वर्णन केले आहे. तिथे वाफेच्या यंत्रावर चार चाके फिरत होती : दोन १८ फूट व्यासाची, दोन ९ फुटांची, आणि सर्वांच्या कडेला बारीक दातांची झालर. महोगनी आणि रोजवुडच्या फळ्यांतून ही चाके एक-सोळांश इंच, म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर जाडीचे पत्रे काढत होती. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर, दुमजली घराएवढे चाक!

एवढे मोठे चाक पातळ कसे ठेवता येईल? इथे पुन्हा घनाचा नियम कामाला आला, पण या वेळी कारागिराच्या बाजूने. अशा चाकाची एक बाजू सपाट असते, दुसरी बाजू मध्याकडे जाड होत जाणारी. पातळ असतात त्या फक्त कडेला जोडलेल्या पोलादी पट्ट्या. चाक लाकडात शिरले की जाड फळी सपाट बाजूला सरळ उभी राहते आणि कापला गेलेला पातळ पत्रा, तो पातळ असल्यामुळेच, दुसऱ्या बाजूला लवून चाकाच्या जाड भागाला वाट करून देतो. म्हणजे करवत लवू नये म्हणून ती जाड केली, आणि तिला सामावून घ्यायला लाकूड लवले. आम्हाला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते. ब्रुनेलला स्वतःला मात्र त्यातून सुख लाभले नाही. १८१४ मध्ये गिरणीला मोठी आग लागली, हिशेबाकडे त्याचे लक्ष कधीच नव्हते, आणि १८२१ मध्ये कर्जापायी त्याला तुरुंगात जावे लागले.

पुढे फर्निचरवाल्यांनी करवत सोडूनच दिली. लाकूड उकळत्या पाण्यात किंवा वाफेत मऊ करून लांब सुरीने त्याचे काप काढायचे, किंवा ओंडका फिरवत ठेवून कागदाची गुंडाळी सोडवावी तसा पत्रा सोलून काढायचा, अशा पद्धती एकोणिसाव्या शतकात रूढ झाल्या. प्लायवुड त्यातूनच आले. सुरीने भुसा पडत नाही, म्हणजे आपल्या गणितातले 'अठरा' हे उत्तर अखेर खरे ठरले! मग गिटारवाल्यांनीही सुरी का उचलली नाही? कारण सुरी पत्र्याला कापता कापता वाकवते आणि त्याच्या एका अंगाला बारीक बारीक चिरा पाडते. पत्रा जितका जाड, तितक्या चिरा खोल. जाड फळीवर सरसाने चिकटवलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला त्याचे काही वाटत नाही. पण अडीच मिलिमीटरची फळी कशालाही न चिकटवता मोकळी कंप पावायची असेल, आणि तिच्या पट्ट्या गरम नळीवर वाकवायच्या असतील, तर तिथे अशा चिरा चालत नाहीत. म्हणून गिटारचे काम करवतीकडेच राहिले.

गिटार हे तसे पहिल्यापासून सुतारांचे वाद्य. सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खेन या गावात १८२० च्या दशकात व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या संघाने तक्रार केली, की कपाटे-पेट्या करणाऱ्या सुतारांना गिटार बनवण्याचा अधिकार नाही. आम्ही कलावंत आणि हे नुसते सुतार! निकाल शेवटी सुतारांच्या बाजूने लागला. पण त्या भांडणात ओढल्या गेलेल्या मार्टिन कुटुंबातला ख्रिश्चन फ्रेडरिक १८३३ मध्ये अमेरिकेला निघून गेला. त्याने तिथे सुरू केलेला गिटारचा धंदा आजही त्याच कुटुंबाकडे आहे. आजच्या शास्त्रीय गिटारचा आकार ज्याने बसवून दिला, तो स्पेनमधला आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हाही मुळात सुतारच. या तोरेसने १८६२ मध्ये एक विलक्षण गिटार केली. तिची वरची फळी नेहमीप्रमाणे लाकडाची, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. वाद्याचा प्राण वरच्या फळीत आहे, पाठीच्या लाकडात नाही, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. या कागदी गिटारकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

दरम्यान करवतीची चौथी वाट तयार होत होती. पाते ओढायचे, चौकटीत ताणायचे, किंवा चाक करायचे. याशिवाय आणखी एक कल्पना विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने १८०८ मध्ये पेटंट केली होती. पोलादाची लांब दातेरी पट्टी घ्यायची, तिची टोके जोडून गोल करायची आणि ती दोन चाकांवर पट्ट्यासारखी फिरवायची. पट्टी चाकांमध्ये सदैव ताणलेली, म्हणजे चौकटीचा गुण आला. सतत एकाच दिशेने फिरणारी, म्हणजे चाकाचा गुण आला. कल्पना उत्तम, पण यंत्र चालेना. चाकावरून जाताना पट्टी वाकते, पुढे सरळ होते, पुन्हा वाकते. मिनिटाला कित्येक वेळा. तार वाकवून-सरळ करून आपण हाताने तोडतो, तेच इथे घडे. पट्टी सांध्याशी तुटायची. सुमारे चाळीस वर्षे ही कल्पना तशीच पडून राहिली. १८४६ मध्ये आन पोलिन क्रेपँ या फ्रेंच स्त्रीने पट्टीची टोके टिकाऊपणे जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पॅरिसच्या पेरँ यांच्या कारखान्याने ते हक्क विकत घेतले आणि चांगल्या पोलादाची जोड मिळाल्यावर पट्टा-करवत जगभर गेली. क्रेपँबाईंचे नाव पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. आज कोणत्याही सॉ मिलमध्ये गेलो तरी जे यंत्र घोंघावताना दिसते, ते याच सांध्यावर उभे आहे.

पट्टा-करवत लहान करता येते, हा तिचा फार मोठा गुण. ब्रुनेलचे १८ फुटी चाक कोणी घरात ठेवू शकले नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत घरी छोटी यंत्रे बाळगण्याची हौस वाढली, आणि घरच्या घरी गिटार कशी बनवावी हे सांगणारी पुस्तकेही निघू लागली. १९६६ चे इर्विंग स्लोन यांचे पुस्तक त्यांतले एक प्रसिद्ध. तयार कापलेल्या फळ्या महाग. मग जुनी टेबले, मोडक्या पलंगांचे खूर, पाडलेल्या घरांच्या तुळया यांतले कठीण लाकूड आणून घरीच चिरायला माणसे शिकली.

पण लहान यंत्राच्या अडचणीही लहान नव्हत्या. घरगुती पट्टा-करवतीचे चाक बहुधा १४ इंचांचे आणि तिच्याखाली जाऊ शकणाऱ्या लाकडाची उंची ६ इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर. गिटारच्या पाठीचा अर्धा भाग लागतो सुमारे १९ सेंटिमीटर रुंद! शिवाय उंच लाकूड चिरताना भुशाचा प्रश्न येतो. भुसा मूळ लाकडापेक्षा जास्त जागा व्यापतो. प्रत्येक दाताने खरवडलेला भुसा काप संपेपर्यंत दोन दातांमधल्या खोबणीतच राहायला हवा. खोबणी लहान असेल तर ती मध्येच गच्च भरते, दात लाकडाला टेकतच नाहीत, पाते तापते आणि वाट सोडून भरकटते. म्हणून बारीक दातांनी काप गुळगुळीत येईल असे वाटते, तिथे नेमके उलट करावे लागते : इंचाला तीनच दात, आणि त्यांच्यामध्ये ऐसपैस खोबणी.

हे वाचून आम्हालाही करून पाहण्याचा मोह झाला. मोडलेल्या शिसवी पलंगाचा एक तुकडा मिळाला होता : हातभर लांब, सहा इंच रुंद, दीड इंच जाड. यंत्र नव्हते, म्हणून हातकरवतीनेच चारी बाजूंनी रेघ आखून, तुकडा वारंवार उलटापालटा करत चिरायला घेतला. दोन संध्याकाळी गेल्या. शिसवीचा भुसा जांभळट-काळा पडतो, त्याला मंद गोडसर वास येतो, आणि नाकाला-कातडीला तो चांगलाच झोंबतो. नाकावर रुमाल बांधायला हवा, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजले. वरून रेघ दोन्ही बाजूंना तंतोतंत धरली होती, पण फळी सुटली तेव्हा मधोमध काप खोल गेलेला. एक टोक ६ मिलिमीटर, दुसरे ३. त्यावर आणखी एक धडा मिळायचा होता. रात्रभर टेबलावर ठेवलेली फळी सकाळी ताज्या कापाच्या बाजूने पन्हळीसारखी आत वळलेली दिसली. जुने, वाळलेले लाकूड आणि तरी वळले? लाकडाच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा थोडा दमट राहतो. तो उघडा पडला की वाळतो, आकसतो आणि फळीला आपल्याकडे ओढतो. कागदाला एका बाजूने पाणी लावून वाळताना पाहिले असेल तर हे लक्षात येईल. म्हणून जाणते कारागीर कापल्यावर फळ्या मध्ये काड्या ठेवून, वर वजन देऊन काही आठवडे विसावू देतात, आणि मगच रंधा मारतात. आपण सुरुवातीला अडीचऐवजी चार मिलिमीटर धरले होते, ते या वळण्यासाठी आणि रंध्यासाठी.

म्हणजे खरा हिशेब आणखी कडू आहे. पंधरा फळ्या निघाल्या तरी शेवटी वाद्यात जाणारे लाकूड १५ गुणिले अडीच, म्हणजे साडेसदतीस मिलिमीटर. बरोबर निम्मे. उरलेले निम्मे भुशात आणि छिलक्यांत. अकराच निघाल्या, तर वाद्यात जाते ते जेमतेम ३७ टक्के.

हे लाकूड येते कुठून? गिटारवाल्यांचे सर्वांत लाडके लाकूड ब्राझीलच्या किनारी जंगलातले रोजवुड. ते आपल्या शिसवीच्याच प्रजातीतले, डालबर्जिया कुळीचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठे ओंडके मिळेनासे झाले. मार्टिन कंपनीने १९६५ मध्ये तीन फळ्या जोडलेल्या पाठीची गिटार काढली, ती अरुंद लाकूडही वापरता यावे म्हणून. ब्राझीलने ओंडके तसेच बाहेर नेण्यावर निर्बंध घातले. लाकूड चिरायचे तर आमच्या देशात चिरा, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे करवत कोणाच्या हातात, हा १७६८ चा लाइमहाउसचा प्रश्न इथे दोन देशांमध्ये उभा राहिला. १९६९ च्या अखेरीस मार्टिन कंपनी आपल्या नेहमीच्या गिटारसाठी भारतीय शिसवीकडे वळली, आणि इतरही वळले. पश्चिम घाटातली, विशेषतः कर्नाटक-केरळकडची शिसव तेव्हापासून जगभरच्या गिटारच्या पाठींवर दिसते. ती परदेशी पाहुण्यांना नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबईत होणारे कोरीव शिसवी फर्निचर इंग्रज लोक 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून मोठ्या हौसेने घरी नेत असत. फरक इतकाच, की एका जाडजूड खुर्चीच्या लाकडात कितीतरी गिटारच्या पाठी निघाल्या असत्या.

१९९२ मध्ये ब्राझीलच्या रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. २०१७ च्या जानेवारीपासून डालबर्जियाच्या बाकी सर्व जातींवर, आपल्या शिसवीसकट, परवान्याचे बंधन आले. फर्निचरसाठी होणारी प्रचंड तोड हे त्याचे मुख्य कारण होते. पण गिटार घेऊन विमानाने फिरणारे वादकही त्या कागदपत्रांच्या जाळ्यात सापडले, आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. शिसव स्वतः मात्र आजही संकटाच्या छायेतल्या जातींच्या यादीत आहे.

आता तोरेसच्या कागदी गिटारकडे परत येऊ. त्याचा दावा खरा होता का? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी याची नीट परीक्षा घेतली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका कसलेल्या कारागिराकडून सहा गिटार बनवून घेतल्या. सगळ्यांची घडण एक, वरची फळी एकाच प्रकारची, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात : ब्राझीलचे रोजवुड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोड. बावन्न गिटारवादकांना मंद उजेडात, जोडकाम करणाऱ्यांचे काळे चष्मे डोळ्यांवर चढवून त्या वाजवायला दिल्या. आवाजाला त्यांनी दिलेले गुण सहाही गिटारना जवळजवळ सारखेच पडले. महाग लाकडाची गिटार सरस ठरली नाही, स्वस्त लाकडाची मागे पडली नाही. ऐकून आणि वाजवून लाकूड ओळखणेही वादकांना भरवशाने जमले नाही.

याचा अर्थ पाठीची फळी कशीही चालेल असा नाही. सहाही पाठी एकाच हाताने, काळजीपूर्वक जाडी राखून केलेल्या होत्या. जाडीत अर्ध्या मिलिमीटरने ताठपणा दुप्पट होतो हे आपण पाहिलेच. म्हणजे कारागिराचे खरे कौशल्य करवतीत आणि रंध्यात आहे, आणि ते फणसावर, अक्रोडावर किंवा जुन्या दाराच्या सागावरही तितकेच चालू शकते. तरीही दुकानात गिऱ्हाईक काळीभोर, रेषारेषांची पाठ पाहते आणि तिच्यासाठी जादा पैसे मोजते. डोळ्यांवर काळा चष्मा चढवून कोणी गिटार विकत घेत नाही, याला काय करणार!

आमची ती वाकडी शिसवी फळी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे. तिच्याशेजारी त्याच मापाची आंब्याची एक फळी नंतर मुलांनी चिरून ठेवली आहे; हाताला आता सवय झाल्यामुळे ती बरीच सरळ आली. दोन्ही फळ्या टोकापासून साधारण पाव अंतरावर दोन बोटांत हलकेच धरून मध्ये टिचकी मारायची असते. शिसवी फळी घंटेसारखी वाजते, आवाज रेंगाळत राहतो. आंब्याची 'ठप्' म्हणून थांबते. मग बावन्न वादकांना फरक का कळला नाही, असे मुले विचारतात. गिटारमध्ये पाठीच्या चारी कडा सरसाने पक्क्या बसवलेल्या असतात, आतून आडव्या पट्ट्या असतात, आणि ऐकू येणाऱ्या आवाजातला मोठा वाटा वरच्या फळीचा असतो, एवढे आम्ही सांगतो. गेल्या महिन्यात दोघा मुलांनी त्या दोन्ही फळ्यांच्या कडा एका खोक्याच्या तोंडावर आळीपाळीने दाबून बसवून टिचकी मारून पाहिली. घंटा पुष्कळशी गेली होती.